‘इंजिन बसलं’ म्हणून आलेली स्पोर्टस्टर: नागपुरातल्या एका जुन्या व्ही-ट्विनचं प्रकरण

गाडी २०१२ ची हार्ले-डेव्हिडसन आयर्न ८८३, स्पोर्टस्टर मालिकेतली. इंजिन व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात बसवलेले दोन सिलिंडर. सध्याचे मालक दुसरे. गाडी हैदराबादहून घेतलेली, एनओसी आणून इथे एमएच ४९ चा नंबर लावलेला. मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर, म्हणजे वयाच्या मानाने फारच कमी. विकणाऱ्याने हाच आकडा पुढे करून भाव चढवला होता आणि घेणाऱ्यालाही तो आवडला होता. माझं मत उलटं आहे. बारा-तेरा वर्षांत इतकीच चाललेली गाडी बहुतेक वेळ उभी होती, आणि उभ्या गाडीतलं रबर, तेल आणि वायरींचे सांधे म्हातारे व्हायचे थांबत नाहीत.

मालकांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: “गर्दीत पंधरा-वीस मिनिटं चालली का सिग्नलवर बंद पडते. मंग सेल्फ मारला तर नुसतं टक् होते. अर्धा तास सावलीत ठेवली का जशी काही झालंच नाही तशी सुरू. अन् एअर फिल्टरच्या डब्यातून तेल ठिबकून राहिलं.” खोदून विचारल्यावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिनाची संथ चाल) वरखाली होतं, आणि थ्रॉटल सोडला की अधूनमधून सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात.

आमच्याकडे येण्याआधी गाडी दोन ठिकाणी जाऊन आली होती. पहिल्या गॅरेजचं निदान ऊन. हवेवर थंड होणारं इंजिन, नागपूरचा मे महिना, मग असंच होणार. त्यांनी जाड तेल भरलं, प्लग बदलले आणि नवी बॅटरी बसवली. आठवडाभर गाडी बरी चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजने फिल्टरचा डबा उघडला, आत तेलाचं तळं पाहिलं आणि निकाल दिला: पिस्टन-रिंग गेल्या, इंजिन बसलं, दोन्ही सिलिंडर उतरवावे लागतील. एस्टिमेट सत्तर हजारांचं, पार्ट यायला लागणारा वेळ वेगळा. मालकांनी गाडी विकायचं जवळजवळ ठरवलं होतं. एका मित्राने अडवलं आणि ज्या मिस्त्रींकडे मी जुन्या मोठ्या गाड्यांच्या कामाच्या नोंदी ठेवतो, त्यांच्याकडे गाडी आली.

आधी उन्हाबद्दल, कारण नागपुरात प्रत्येक गाडीचा प्रत्येक आजार शेवटी त्याच्याच नावावर जातो. ऊन खोटं नाही. २०१३ च्या मे महिन्यात सोनेगावला ४७.९ अंश नोंदलेत. २०२४ मध्ये रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बोभाटा झाला, तो मात्र सेन्सरचा दोष निघाला. पण हे ‘इव्होल्यूशन’ नावाचं इंजिन स्पोर्टस्टरमध्ये १९८६ मध्ये आलं, आणि ॲरिझोनातल्या फिनिक्ससारख्या, आपल्याइतक्याच तापणाऱ्या शहरात ते इतकी वर्षं चालतंय. उन्हाने हे इंजिन तापतं, मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असल्याने जरा जास्तच तापतो, तेलाचं आयुष्य कमी होतं. तरी सुस्थितीतली गाडी तेवढ्यावरून सिग्नलला बंद पडत नाही. ऊन फक्त लपलेला दोष उघडा पाडतं.

मिस्त्रींनी पान्याला हात लावायच्या आधी गाडी सुरू करून पाच मिनिटं नुसती ऐकली. ४५ अंशांच्या या व्ही-ट्विनमध्ये दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसतात, म्हणून स्फोट समान अंतराने होत नाहीत. एका स्फोटानंतर क्रँक ३१५ अंश फिरल्यावर दुसरा, मग पुढचा ४०५ अंशांनी. त्यामुळे लंगडत चालल्यासारखा आवाज येतो. ज्यांचा कान बुलेटवर तयार झालाय त्यांना तो मिसिंग, म्हणजे मधला स्फोट हुकल्यासारखा, वाटतो आणि ते प्लगच्या मागे लागतात. त्यांचं पुढचं वाक्य असतं, “टॅपेट सेट करून देतो.” या इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने आपलं अंतर आपणच जुळवणारे टॅपेट आहेत, तिथे सेट करायला काही नसतं. मिस्त्रींना लय नेहमीची वाटली, पण तिच्याखाली आयडल हलत होतं.

तेल

मग डिपस्टिक. प्रकरणाची पहिली गाठ इथे सुटली, आणि मला ती सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते, कारण हा घोळ कोणत्याही चांगल्या हाताकडून होऊ शकतो.

स्पोर्टस्टरचं इंजिन ड्राय संप पद्धतीचं आहे. तेल इंजिनच्या तळाशी साठत नाही, उजव्या बाजूच्या वेगळ्या टाकीत असतं. एक पंप ते इंजिनाला देतो, दुसरा परत टाकीत ओढतो. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरतं. अशा वेळी थंड गाडीची डिपस्टिक काढली तर पातळी खाली दिसते. तेल कमी झालेलं नसतं, त्याची जागा बदललेली असते. म्हणून पातळी बघायची तर गाडी फिरवून आणून, इंजिन नीट तापलेलं असताना, बंद करून, साइड स्टँडवर.

मालक गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी काढायचे आणि काढण्यापूर्वी, जागरूक माणूस म्हणून, डिपस्टिक बघायचे. कमी दिसलं की थोडं ओतायचे. पहिल्या गॅरेजनेही थंड गाडीतच पातळी बघून वर भर घातली होती. या इंजिनाला फिल्टरसकट साधारण २.६ लिटर तेल लागतं. काढून मोजलं तेव्हा सव्वातीन लिटरच्या वर भरलं.

“एवढं तेल ओतलं कोणं?” मिस्त्रींनी विचारलं.

मालक गप्प. मग म्हणाले, “कमी दिसे ना भाऊ.”

जास्तीचं तेल जातं कुठे? या इंजिनांत क्रँककेसचा श्वास सिलिंडर हेडमधून निघून थेट एअर फिल्टरच्या डब्यात सोडलेला आहे. टाकी गच्च झाली की हवेबरोबर तेलही त्याच वाटेने वर येतं आणि फिल्टर भिजवतं. दुसऱ्या गॅरेजला दिसलेलं तळं ते हेच. रिंग गेल्यावरही डब्यात तेल येतं, त्यामुळे त्यांचा संशय अगदीच अस्थानी नव्हता. त्यांनी तो तपासला नाही, ही खरी तक्रार.

तपासायला कॉम्प्रेशन गेज पुरतो. अट इतकीच की इंजिन गरम हवं, दोन्ही प्लग काढलेले हवेत आणि थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. थ्रॉटल बंद ठेवून सेल्फ मारला तर आत हवाच जात नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. पुढचा सिलिंडर १३५ पीएसआय, मागचा १३०. दोहोंत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको, तो इथे चार टक्क्यांच्या आत होता. सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता, प्लग तेलाने भिजलेले नव्हते. सत्तर हजारांचा प्रश्न इथेच संपला.

तेल-फिल्टर बदलून, डबा धुऊन, नवं एअर फिल्टर बसवून गाडी पुन्हा फिरवली. ठिबकणं थांबलं. बंद पडणं मात्र होतं तसंच.

वीज

मिस्त्रींची एक शिस्त आहे आणि ती मला पटते: इंधनाकडे जाण्याआधी व्होल्टेज. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप, इंजेक्टर, कॉइल, सगळेच एका बॅटरीवर. व्होल्टेज डळमळीत असेल तर बाकी कोणत्याच तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही.

या गाडीला स्कॅनर न लावताही दोषांचे कोड वाचता येतात, हे पुष्कळ मालकांना ठाऊक नसतं. स्पीडोमीटरचं ट्रिपचं बटण दाबून धरायचं, किल्ली चालू करायची, बटण सोडायचं. पडद्यावर ‘डायग’ येतं. पुन्हा दाबलं की इंजिन, सिक्युरिटी, स्पीडोमीटर असे भाग एकेक करून निवडता येतात आणि त्यातले साठलेले कोड दिसतात. इथे इंजिनच्या भागात पी०५६२ निघाला, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज कमी. नवी बॅटरी असताना!

बॅटरी खरंच चांगली होती. रात्रभर उभ्या गाडीत १२.७ व्होल्ट. तीन हजार आरपीएमच्या वर चार्जिंग १४.३, म्हणजे वीज बनवणारा स्टेटर आणि ती आवरणारा रेग्युलेटर दोन्ही ठीक. बहुतेक लोक इथे मीटर ठेवून देतात. मिस्त्रींनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, म्हणजे लगवर नव्हे, पोलवर) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. या दोन जागांमध्ये सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. इथे १.४ दिसलं. वाटेत कुठेतरी वीज अडत होती.

डावीकडचं कव्हर काढल्यावर कारण समोर आलं. निगेटिव्ह पोलवर एकावर एक पाच लग चढवलेले: फॉग लाइटचा, मोठ्या हॉर्नचा, मोबाइल चार्जरचा, आणखी एक तुटलेल्या कशाचा तरी, आणि सगळ्यांत वर, पोलपासून सर्वांत दूर, गाडीची मूळ जाड केबल. बोल्ट हाताने फिरत होता. या इंजिनाच्या थरथरीने सैल न होणारा बोल्ट क्वचितच. केबलच्या दुसऱ्या टोकाशी रंग आणि हिरवट गंज. सकाळी थंड गाडीत कसंबसं भागायचं. गाडी तापली की सेल्फला हवा तेवढा करंट त्या सैल सांध्यातून मिळत नाही. मग नुसतं टक्. पहिल्या गॅरेजची नवी बॅटरी आठवडाभर चालली ती एवढ्यासाठी की बसवताना बोल्ट घट्ट झाला होता.

दोन्ही टोकं घासून धातू उघडा केला, जाड केबल थेट पोलला टेकवली, बाकीचे लग तात्पुरते काढूनच टाकले. तीच तपासणी पुन्हा केली तर ०.१५ व्होल्ट. गरम गाडी पहिल्या बटणाला सुरू व्हायला लागली.

हवेची गळती

दोन गाठी सुटल्या तरी आयडल हलत होतं आणि फटाके वाजत होते. आता संशय इनटेक मॅनिफोल्डवर. थ्रॉटल बॉडीपासून दोन्ही हेडकडे जाणारा हा फाटा रबरी सीलवर बसतो. वर्षानुवर्षांच्या तापाने ते सील कडक होतात आणि सांध्यातून बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, आयडल नाचतं, इंजिन आणखी तापतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. याच गाडीच्या मालक-पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतची परवानगी आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढंच इंधन फवारलं तर मिश्रण आणखी थोडं पातळच होणार. गळतीवर ही वरची फोडणी.

तपासणी जुनीच. इंजिन आयडलवर ठेवून सांध्याच्या भोवती क्लीनरची अगदी बारीक फवारणी करायची. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जातेय. ही फवारणी पेटणारी असते, म्हणून मिस्त्री ती इंजिन नुकतंच सुरू केलेलं असताना, उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवूनच करतात. तापलेल्या गाडीवर कुणी हे करू नये. मागच्या सिलिंडरकडच्या सांध्यावर फवारलं आणि आयडल क्षणात उचललं गेलं.

सील म्हणजे दोन रबरी कड्या, पण तिथवर पोचायला अर्धा दिवस जातो. इंधनाच्या लाइनमध्ये दाब असतो, म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, मगच टाकी उचलायची. फ्लँजचे आतल्या बाजूचे बोल्ट इतक्या अडचणीत की मिस्त्रींनी त्यासाठी एक ॲलन चावी कापून आखूड करून ठेवली आहे. तीही इंचाची. हार्लेवरचे बहुतेक नटबोल्ट इंचाच्या मापाचे, आणि आपल्याकडच्या गॅरेजात पेटी मिलिमीटरची. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, कारण फरक फक्त ०.३ मिलिमीटर, आणि जोर दिला की कोपरे गोल. या गाडीवरचे तीन बोल्ट आधीच तसे झालेले होते. हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून ते काढून आणण्यात बराच वेळ गेला, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

जोडतानाचा बारकावा मात्र लिहायलाच हवा. नवे सील घालून फ्लँज लगेच आवळायचे नाहीत. सगळं सैल ठेवून आधी एअर फिल्टरची मागची प्लेट तिच्या जागी बसवायची, मॅनिफोल्डला आपोआप मध्य सापडू द्यायचा, आणि मग आवळायचं. उलट क्रमाने केलं तर प्लेटचे बोल्ट मॅनिफोल्ड तिरका ओढतात आणि नवे सीलही पहिल्या दिवसापासून गळतात. जुने सील हातात घेतले तर बोटाने दाबत नव्हते. एकाला चक्क भेग होती.

चाचणी, आणि न केलेली कामं

मालकांना गाडी मनसरपर्यंत पळवून बघायची होती. मिस्त्रींनी नकार दिला. हायवेवर ऐंशीच्या वेगाने वारा लागतो, आरपीएम वर असतं, चार्जिंग भरपूर, आयडलचा संबंधच नाही. तिथे ही गाडी आधीसुद्धा बंद पडली नसती. म्हणून चाचणी दुपारी दोनला, नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत), व्हरायटी चौकातून महाल, गांधीबाग, इतवारी आणि परत. अर्धा रस्ता पहिल्या गिअरमध्ये. सिग्नलवर पालिकेने बांधलेल्या हिरव्या जाळीखाली मालकांनी मुद्दाम इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं, तेही एकदा नव्हे. मांडीला चटके बसले, ते बसणारच. गाडी कुठेही बंद पडली नाही.

टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचला तर पुढचा टायर २०१४ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला निघाला. नक्षी भरपूर शिल्लक, रबर दगड झालेलं. तो त्याच दिवशी काढला, यावर मिस्त्री चर्चा करत नाहीत. ब्रेक फ्लुइड चहाच्या रंगाचं झालं होतं, तेही बदललं. या वर्षीच्या मॉडेलला डॉट ४ लागतं. जुन्या हार्लेंमध्ये सिलिकॉनचं डॉट ५ असायचं आणि ही दोन एकमेकांत चालत नाहीत, म्हणून आकडा ऐकीव न घेता झाकणावरच वाचावा. इंजिनचा जोर क्लचकडे नेणारी प्रायमरी चेन ढिली होती. थंड इंजिनात तिला साडेनऊ ते साडेबारा मिलिमीटर खेळ हवा, तो परत आणला. तिथलं तेल इंजिनच्या तेलापासून वेगळं असतं, सुमारे एक लिटर. मागच्या मालकाने ते कधी बदललं होतं का, याबद्दल मला दाट शंका आहे. निघालेलं तेल डांबरासारखं दिसत होतं.

मागच्या रॉकर बॉक्सच्या, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, गॅस्केटशी तेलाची ओल होती. मालकांना तीही करून हवी होती. मिस्त्रींनी कापडाने पुसून, गाडी फिरवून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, “ओलं आहे, गळत नाही. काऊन उघडता?” मला हे बरोबर वाटलं. या इंजिनांत ही ओल सर्रास दिसते. थेंब पडायला लागेपर्यंत ती नुसती नजरेखाली ठेवता येते, आणि रॉकर बॉक्स उघडायचा म्हणजे पुन्हा टाकी उचलणं आलं.

पुढचं वेळापत्रक मालकांना कॅलेंडरवर लिहून दिलं आहे, कारण त्यांच्या वापरात किलोमीटर भरायची वाट बघण्यात अर्थ नाही. पुस्तिकेप्रमाणे इंजिन तेल दर आठ हजार किलोमीटरला, पण इथे दरवर्षी होळीच्या सुमारास, मग किलोमीटर कितीही होवोत. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. बॅटरीचे दोन्ही बोल्ट प्रत्येक मोठ्या फेरीआधी पान्याने तपासायचे. आणि गाडी नुसती सुरू करून पाच मिनिटं उभी ठेवायची नाही. त्याने ती पुरती तापत नाही आणि आतली वाफ तेलातच राहते. काढायची तर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणायची.

फॉग लाइटवरून मात्र वाद झाला. मालकांना ते हवेच होते, थंडीत पेंचकडे पहाटे निघायचं तर धुकं असतं. शेवटी बॅटरीपासून एकच फ्यूज लावलेली वायर, पुढे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि रिलेवर लाइट व हॉर्न, असं ठरलं. मोबाइल चार्जर बाद. रॉकर गॅस्केटचं काम पुढच्या मेपर्यंत पुढे ढकललंय. तेव्हा गाडी तशीही दुपारभर शेडमध्येच असते, आणि पार्ट मागवायला हातात हिवाळा आहे.